कायद्याची भाषा आणि चालकाची भाकर

(भिवापूर येथे वाहनचालकांसमोर केलेले भाषण)



मिरचीची पोती घेऊन उमरेडमार्गे नागपूरला जाणारा टेम्पोचालक हा या तालुक्याच्या अर्थव्यवहाराचा आधार आहे. व्यावसायिक वाहन चालविण्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली, हे योग्यच झाले. परंतु दार उघडून उंबरठा तेवढाच उंच ठेवला, तर आत येणार कोण?

अपघातसमयी चालकाने काय करावे, हे १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम १३४ सांगते. शिकाऊ चालकाच्या चाचणीतही हा विषय आहे. पण कलमाचे वाक्य अटी-अपवादांनी इतके लांबले आहे की शिकलेल्यालाही ते दोनदा वाचावे लागते. पुस्तिकेत साधे लिहावे : 'जखमीला आधी जवळच्या दवाखान्यात न्या. पोलिसांना लवकरात लवकर, फार तर २४ तासांत कळवा.' 'लायसन' हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला असताना 'अनुज्ञप्ती'चा हट्ट कशासाठी?

कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालयात चालत नाही. मग तो कळेल अशा भाषेत सांगणे हे शासनाचे कर्तव्यच ठरते. जेथे कागद कळत नाही, तेथे दलालाचे दुकान चालते. आणि त्याची दलाली हा अल्पशिक्षितांवर लादलेला अप्रत्यक्ष करच होय.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. पुस्तिका छापण्यापूर्वी ती चालकांसमोर मोठ्याने वाचावी. जे वाक्य त्यांना अडेल ते बदलावे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ती ऐकविण्याची सोय परिवहन कार्यालयात असावी. ज्याच्या हाती चाक आहे, त्याला नियम कळणे हा त्याचा हक्क आहे आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाचे संरक्षणही.