घरांतील तार आणि बिनतार

बिनतारी यंत्र घरांत आलें म्हणजे तारेचें काम संपलें, असा समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांतूनही रूढ झाला आहे. मग नातवाची परीक्षा ऐन रंगांत असतां पडद्यावरील चक्र गरगरूं लागलें कीं सारा दोष इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या माथीं येतो. पुष्कळदां तो कंपनीचा नसून भिंतीचा असतो.

आमच्या नाशिकांतील भद्रकाली-पंचवटीकडील जुने वाडे घ्या. पुढच्या ओसरीवरील राउटरच्या लहरी दोन जाड भिंती ओलांडतां ओलांडतां क्षीण होतात. २०२० च्या टाळेबंदींत अशा घरांतील मुलें वर्गासाठीं जिन्यांत येऊन बसत, हें मीं पाहिलें आहे. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण भिंतीपुढें लवकर हात टेकतात, २.४ च्या दूर पोहोंचतात, मात्र त्या पट्ट्यांत शेजाऱ्यांचे राउटर आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्हही गर्दी करितात. नव्या इमारतींतील सळ्यांचें काँक्रीटही कांहीं कमी नाहीं.

तार व बिनतार यांचा सहकार नवा नव्हे. १९२७ सालीं खडकीचें प्रक्षेपण-केंद्र आणि दौंडचें ग्रहण-केंद्र यांच्याद्वारें इंग्लंडशीं बिनतारी दळणवळण सुरू झालें. परंतु मुंबईच्या कचेरीपासून या केंद्रांपर्यंतची मजल तारेवरूनच होत असे.

घरांतही तीच वांटणी करावी. जें जागचें हलत नाहीं त्यास तार. जें हातांत फिरतें त्यास बिनतार. टेलिव्हिजन व टेबलावरील संगणक केबलनें जोडले, तर लाभ मोबाइललाही होतो. कारण वायफायच्या एका वाहिनीवर यंत्रांना बहुधा आळीपाळीनेंच बोलावें लागतें. (आमच्या वर्गांत ही शिस्त मला कधीं लाभली नाहीं!)

मागच्या खोलीसाठीं लोक रिपीटर आणितात. तो ऐकलेलेंच हवेंतून पुन्हां उच्चारतो. स्वस्त प्रकारांत या द्विरुक्तीपायीं वेग सुमारें निम्म्यावर येतो. त्यापेक्षां मुख्य राउटरपासून तेथवर केबल नेऊन तिच्या टोंकास दुसरा वायफाय संच जोडावा. जुना राउटरही चालतो. मात्र केबल त्याच्या लॅनच्या खोबणींत घालावी, त्यास निराळा पत्ता द्यावा आणि इतर यंत्रांना पत्ते वाटण्याचें त्याचें काम बंद ठेवावें. एका टपालकचेरींत दोन पोस्टमास्तर बसले कीं गोंधळ ठरलेला. दोन्ही संचांचें नांव व परवलीचा शब्द एकच ठेवावा, म्हणजे खोली बदलतांना मोबाइल आपणहून जवळचा संच धरूं शकतो.

केबलची लांबी १०० मीटरपर्यंत चालते. एवढा मोठा वाडा आतां कोणाचा उरला आहे? ती विजेच्या तारांच्या नळींतून मात्र नेऊं नये. आणि विकत घेतांना शुद्ध तांब्याचीच मागावी. वर तांब्याचा मुलामा व आंत अ‍ॅल्युमिनियम असलेली केबल दुकानांत स्वस्त मिळते, पण ती वाकवितांना लवकर तुटते.