मूळ वही राखून ठेवा

मावळातल्या सुदुंबरे गावी संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. संताजी मूळ चाकणचे, घाण्यावर तेल गाळणारे, आणि तुकोबारायांचे अभंग लिहून ठेवणारे. त्यांच्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी १९१९-२० साली गाथा छापली. छापील गाथांमधून अभंगांचा क्रम एकसारखा नाही. तरी मूळ वही जशीच्या तशी असली, म्हणजे ताडून पाहता येते. मूळच फाडून पाने उलटीसुलटी लावली, तर ताडायचे कशाशी?

संगणकावर याद्या करणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींनी हीच गोष्ट ध्यानात ठेवावी.

समजा, आपण पायथन भाषेत चाळीस मुलांची नावे हजेरीच्या क्रमाने एका यादीत मांडली. त्याच क्रमाने त्यांचे गुण दुसऱ्या यादीत. आता तोंडी परीक्षेसाठी नावे पत्त्यांसारखी पिसायची आहेत. 'शफल' ही आज्ञा दिली, की संगणक नवी यादी करीत नाही. हातातलीच पिसून टाकतो. गुण मात्र जागच्या जागी! एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. नावे चाळीस, गुणही चाळीस. म्हणून चूक झाल्याचे संगणक सांगत नाही, आणि नुकसान होते ते पोराचे.

कोणी म्हणेल, 'आधी नवी = जुनी असे लिहू, मग नवी पिसू.' छे! ती नक्कल नव्हे, ते त्याच यादीचे दुसरे नाव. घरी बंडू, शाळेत बाळकृष्ण. बंडूचे केस कापले, तर बाळकृष्णाचे राहतील काय?

मग उपाय काय? 'जुनी' या नावापुढे टिंब देऊन 'कॉपी' ही आज्ञा द्यावी आणि मिळालेली नक्कल पिसावी. किंवा 'सॅम्पल' या आज्ञेला यादी आणि तिची पूर्ण लांबी सांगावी. पिसलेली नवी यादी मिळते, जुनी शाबूत राहते.

एक सावधगिरी मात्र हवी. यादीच्या पोटात आणखी याद्या असतील, तर 'कॉपी' फक्त वरची यादी उतरवते. आतल्या दोघींत सामाईक राहतात. नक्कलेतल्या आतल्या यादीत खाडाखोड केली, तर ती मूळ यादीतही उमटते. तिथे 'डीपकॉपी' वापरावी.

नक्कल हवी तशी फिरवा. मूळ वहीला हात लावू नका.