पंचांगात नसलेली वेळ



मी कविता लिहिणारा माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो, आणि भौतिकशास्त्राचा नि माझा संबंध शाळेतच सुटला. तरी आज एका भौतिकशास्त्रज्ञाविषयी बोलणार आहे. त्याला कारण माझी भाची. तिचा एक जुना हिशेब माझ्याकडे बाकी आहे.

सुरुवात घरापासून करतो. माझे अब्बा मालवणच्या बंदरातून मासेमारीला जात. नारळी पौर्णिमा होऊन गेली तरी समुद्राची गाज ओसरलेली नसे. पहाटे अम्मी पडवीत बसलेली असायची आणि मध्येच म्हणायची, “आले.” आम्हा पोरांना लाटांशिवाय काहीच ऐकू येत नसे. पाच-सात मिनिटांनी अब्बांच्या होडीचं इंजिन आम्हालाही ऐकू यायचं. अम्मीचे कान काही आमच्यापेक्षा तिखट नव्हते. पण त्या इंजिनाचा ठेका तिला पाठ होता. गाजेत नेमकं काय शोधायचं ते तिला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं.

पुण्याच्या आयुका या संस्थेतले प्राध्यापक संजीव धुरंधर यांनी आयुष्यभर जे काम केलं, ते मला या पडवीवरूनच समजलं.

आइन्स्टाइनने १९१६ साली सांगितलं की प्रचंड वस्तुमानाच्या वस्तू वेगाने फिरू लागल्या की खुद्द अवकाशातच लहरी उठतात. त्या गुरुत्वीय लहरी. पण त्या इतक्या क्षीण की पुढे खुद्द आइन्स्टाइनलाही त्यांच्याविषयी शंका आली होती. १९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत जोसेफ वेबर यांनी त्या सापडल्याचं जाहीर केलं, पण इतरांना तसं काही आढळेना. त्यानंतर या विषयाकडे पुष्कळ जण जरा जपूनच पाहू लागले.

अशा विषयात धुरंधर उतरले. १९८८ साली मास्सिमो टिंटो यांच्यासोबत त्यांनी एक निबंध लिहिला. जगात निरनिराळ्या ठिकाणी अशा लहरी टिपणारी यंत्रं असली, तर त्या सर्वांच्या नोंदी एकत्र करून आकाशाचं निरीक्षण कसं करायचं, हा त्याचा विषय. गंमत बघा, लहर एकही सापडलेली नव्हती. अमेरिकेतल्या लायगो प्रकल्पाच्या मोठ्या यंत्रांची पायाभरणीसुद्धा झालेली नव्हती. त्याच वर्षी डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात आयुकाची स्थापना केली आणि पुढे तिथे धुरंधरांचा गट उभा राहिला.

१९९१ साली त्यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासोबत आणखी एक निबंध प्रसिद्ध केला. तो माझ्या अम्मीच्या कामाचा. एकमेकांभोवती फिरणारे दोन न्यूट्रॉन तारे किंवा दोन कृष्णविवरं लहरींवाटे ऊर्जा गमावतात, जवळ येत जातात, अधिकाधिक वेगाने फिरतात आणि शेवटी एक होतात. स्वयंपाकघरात हातातून ताटली निसटते तेव्हा ती फरशीवर गरगरते आणि पडता पडता तिचा आवाज चढत जातो ना, तसा या लहरींचा स्वर चढतो. फरक इतकाच की ताटलीचा आवाज विरत जातो, यांचा शेवटपर्यंत वाढतो.

हा स्वर कसा चढेल ते गणिताने आधी काढता येतं. बंगळूरचे बाला अय्यर आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. दोन्ही एक झाल्यावर नवं कृष्णविवर ठोकलेल्या घंटेसारखं कसं घुमून शांत होईल, ते सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० सालीच दाखवलं होतं. मग अपेक्षित स्वराचा नमुना घ्यायचा आणि यंत्राच्या गोंगाटावर ठेवून कुठे जुळतो ते पाहायचं. पण जोडी किती वजनाची असेल हे आधी कुणाला माहीत? प्रत्येक वजनाच्या जोडीचा स्वर वेगळा. म्हणजे एक नमुना पुरत नाही, नमुन्यांचं जाळंच लागतं. भोकं मोठी ठेवली तर मासा निसटतो. फार बारीक ठेवली तर जाळं ओढवत नाही, आणि त्या काळचे संगणक म्हणजे काही मोठी ताकद नव्हे. किती नमुने घ्यायचे, कोणते, त्यांच्यात अंतर किती ठेवायचं, हे त्या निबंधात होतं.

आता भाचीकडे येतो. २००३ साली ती बी.एस्सी. झाली. कुठल्याशा व्याख्यानात तिने या लहरींविषयी ऐकलं आणि पुण्याला जाऊन पुढे हेच शिकायचं असं डोक्यात घेतलं. घरातला शिकलेला माणूस म्हणून बहिणीने तिला माझ्याकडे पाठवलं. मी विचारलं, “या लहरी कुणाला सापडल्यात का?”

“अजून नाही, मामू. मागच्या वर्षी अमेरिकेतलं यंत्र सुरू झालंय.”

“आणि नाहीच सापडल्या तर?”

ती गप्प बसली. मी तिला बी.एड. करायला सांगितलं. कवितेवर अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाने हा सल्ला दिला, हे ध्यानात घ्या. तिने माझं ऐकलं आणि ती शिक्षिका झाली. २०१० साली ते यंत्र सुधारणेसाठी बंद झालं, तोवर त्यात एकही लहर सापडली नव्हती. ही बातमी वाचून मला बरं वाटलं होतं, हे आज कबूल करतो.

आमच्या जिल्ह्यात खगोलशास्त्र म्हटलं की विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे ओटे’ आठवतात. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी ते बांधले, असं सांगतात. हेलियमचा शोध लॉकियरने इथेच लावला, असंही आपण अभिमानाने सांगतो. खरं म्हणजे लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. ती पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरमध्ये तिकडूनच पाहिली. असो. मला सांगायचंय ते वेगळंच. ग्रहणाची वेळ मिनिटासकट आधी ठरलेली असते. ओटा बांधणाऱ्याला तो कधी उपयोगी पडणार ते माहीत असतं. धुरंधरांच्या ओट्याला तशी तारीख नव्हती. दरम्यान ते काम करत राहिले. २००१ मध्ये त्यांची विद्यार्थिनी अर्चना पै आणि सुकांत बोस यांच्यासोबत अनेक यंत्रांच्या नोंदी एकत्र तपासण्याची रीत त्यांनी मांडली. नंतर अंतराळात सोडायच्या लायसा या यंत्राच्या गणितावर काम केलं; ते तर अजून अंतराळात गेलेलं नाही.

१४ सप्टेंबर २०१५. आपल्याकडे दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या यंत्रात आणि मग सात हजारांश सेकंदांनी वॉशिंग्टन राज्यातल्या यंत्रात एक थरथर उमटली. एका सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढी. १३० कोटी प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एक झाली होती. उरलं ते ६२ पट. तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरी होऊन निघून गेलं होतं. इथे पोहोचेपर्यंत त्या लहरींनी यंत्राच्या चार किलोमीटर लांब बाहूत घडवलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास होता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पहिली चाहूल नमुन्यांच्या जाळ्यात लागली नाही. कोणताही नमुना न धरता अचानक उसळणारी थरथर शोधणारी दुसरी पद्धत होती, तिने काही मिनिटांत इशारा दिला. पण ही दोन कृष्णविवरंच आहेत आणि हा निव्वळ योगायोग नव्हे, हे भक्कमपणे ठरवण्यासाठी सुमारे अडीच लाख नमुन्यांचं जाळं टाकलं गेलं. असा योगायोग दोन लाख वर्षांत एकदाही घडणं कठीण, असा हिशेब निघाला.

११ फेब्रुवारी २०१६ रोजी रात्री नऊला हे जाहीर झालं. हजारावर शास्त्रज्ञांच्या त्या निबंधावर धुरंधरांचंही नाव होतं. १९८८ पासून मोजलं तर अठ्ठावीस वर्षं. नोबेल २०१७ साली वाइस, बॅरिश आणि थॉर्न या तिघांना मिळालं. मला वाटतं, हजार माणसांच्या कामाला तिघांपुरतं बक्षीस हा त्या बक्षिसाचा तोकडेपणा आहे. पण हे माझं मत.

त्या रात्री भाचीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, “मामू, सापडली.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहायचं आहे. २०१६ मध्ये त्याला तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम. नामदेवांची नरसी त्याच जिल्ह्यात आहे. लहर कोणत्या दिशेने आली ते नेमकं कळण्यासाठी यंत्रं एकमेकांपासून लांब असावी लागतात. १९८८ च्या निबंधातला विचार आता मराठवाड्याच्या जमिनीवर उतरतो आहे. २०२५ पर्यंत सापडलेल्या लहरींची संख्या दोनशेच्या पुढे गेली आहे. नारळीकर त्याच वर्षी मे महिन्यात गेले.

हिंगोलीच का, असं मी भाचीला विचारलं होतं. ती म्हणाली, तिथे जमीन शांत आहे. किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटांनी जमीन सतत बारीक हादरत असते, आणि ते हादरे या यंत्रांना फार त्रास देतात. म्हणजे ज्या गाजेवर आमचं घर आणि माझी निम्मी कविता चालली, ती त्यांच्या लेखी गोंगाट!

भाची दरवर्षी नववीच्या वर्गात फरशीवर ताटली गरगरवते आणि मुलांना डोळे मिटून ऐकायला लावते. यंत्र सुरू झालं की वर्ग घेऊन औंढ्याला जायचं तिने ठरवलंय. मलाही ये म्हणते. फक्त समुद्र मालवणात ठेवून या, म्हणते.