वाट चुकलेली शीर



मी कलाशाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु तज्ज्ञांना जे ज्ञात आहे ते गावापर्यंत पोहोचविणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्यच होय. त्या नात्याने आज मी आपणापुढे उभा आहे.

फुप्फुसांत शुद्ध झालेले रक्त शिरांवाटे हृदयाच्या डाव्या अलिंदात येते व तेथून सर्व शरीरास मिळते. क्वचित गर्भावस्थेतच या रचनेत दोष राहतो. उजव्या फुप्फुसाची शीर डाव्या अलिंदाकडे न जाता खाली उतरून अधोमहाशिरेस मिळते. परिणामी शुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या भागातून पुन्हा फुप्फुसांतच जाते. या विकृतीचे वर्णन १८३६ मध्येच झाले होते. क्ष-किरण चित्रात ही शीर वाकड्या तुर्की तलवारीसारखी दिसते, म्हणून तिला ‘सिमिटर’ हे नाव पडले. लाख जन्मांमागे एक ते तीन बालकांत ती असावी, असा अंदाज आहे.

हा जादा भार हृदय कित्येक वर्षे निमूटपणे वाहते. प्रौढपणी दम लागू लागतो, छातीचे विकार पुनःपुन्हा उद्भवतात आणि दमा समजून उपचार होत राहतात. क्ष-किरण चित्रात तलवारीची छाया प्रत्येक वेळी उमटतेच असे नाही. इकोत हृदयाची उजवी बाजू वाढलेली दिसते; परंतु ध्वनिलहरी फुप्फुसांतील हवेतून पार होत नसल्यामुळे शीर नजरेतून निसटू शकते. अशा वेळी शिरेत औषध टोचून केलेला सी. टी. स्कॅन तिचा संपूर्ण मार्ग दाखवितो. एम. आर. आय. क्ष-किरणांवाचून किती रक्त चुकीच्या वाटेने जाते, याचे मापन करतो. या मापनावरच पुढील निर्णय अवलंबून असतो. भार अल्प असल्यास नियमित तपासणी पुरते. अधिक असल्यास शस्त्रक्रियेने प्रवाह डाव्या अलिंदाकडे वळविता येतो.

२०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. शिक्षकबंधूंनी त्या दिवशी एकही मूल गैरहजर राहू देऊ नये. प्रौढांसाठी मात्र आपणा सर्वांची जागरूकता हवी. दम लागणाऱ्यास ‘वयोमानाने होते’ असे सांगून घरी बसवू नका. इकोत उजवे हृदय वाढलेले असून कारण सापडले नसेल, तर ‘पुढील तपासणी कोणती?’ असे डॉक्टरांस अवश्य विचारावे. जुनी क्ष-किरण चित्रे जपून ठेवावीत. ज्या छायेकडे पूर्वी कोणाचे लक्ष गेले नाही, तीच उद्या निदानाचा धागा ठरू शकेल.