उंबरठा ओलांडेपर्यंत



डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या हालचालींसाठी आभासी वास्तव, म्हणजे आपण रोज म्हणतो ते व्हीआर, हा या अधिवेशनातला माझा विषय. मी सुरुवात करणार आहे एका उंबरठ्यापासून.

अकोले तालुक्यातली एक आई सात वर्षांच्या मुलीला घेऊन, दोन एसट्या बदलून माझ्याकडे येत असे. पोर सपाट जमिनीवर चालायची, पाय फाकवून, पावलं आपटत. पण घराचा उंबरठा आला की खाली बसायची आणि सरकत पलीकडे जायची. मी विटा मांडल्या, काठी आडवी धरली. चार-पाचदा पाय उचलला की ती तोंड फिरवायची. मग तिला पडद्यासमोर उभं केलं. कॅमेरा हालचाल टिपतो, पडद्यावरची मुलगी तसंच करते. पाय नीट उचलला तर ओढा ओलांडला जातो, नाहीतर पाणी उडतं. पाणी उडालं की ती खदखदून हसायची आणि पुन्हा पाय उचलायची. त्या दिवशी मी चाळीसपर्यंत मोजलं.

या मुलांच्या शरीरात 21व्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते. संशोधक लेज्यून यांनी 1959 मध्ये ते दाखवून दिलं. स्नायू सैल, सांध्यांचे बंध ढिले, त्यामुळे मान धरण्यापासून सगळंच लांबतं. पाऊल टाकायला बहुधा दोन वर्षं लागतात, कधी जास्तही. शिकण्याची ताकद त्यांच्यात असते. तीच हालचाल कितीतरी जास्त वेळा करावी लागते, एवढंच. अमेरिकेत संशोधक उलरिक आणि सहकाऱ्यांनी डाउन सिंड्रोमच्या बाळांना घरीच छोट्या ट्रेडमिलवर चालवलं. आईवडील बाळाला धरायचे, रोज आठ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. 2001 साली निष्कर्ष आला: ती बाळं ट्रेडमिलवर न चाललेल्या डाउन सिंड्रोमच्या इतर बाळांपेक्षा सुमारे शंभर दिवस आधी चालली. तैवानमध्ये 2011 साली शंभराहून अधिक मुलांवर निन्टेन्डो वी या व्हिडिओ गेम यंत्रावरच्या खेळांचा अभ्यास झाला. हालचालींच्या कौशल्यात खेळणारी मुलं नेहमीची ऑक्युपेशनल थेरपी घेणाऱ्यांपेक्षा पुढे गेली. हे दोन अभ्यास मला शेजारीशेजारी ठेवावेसे वाटतात. दोन्हींत पुनरावृत्ती आहे, खेळात ती कंटाळा न येता होते. व्हीआरची खरी देणगी तीच.

आता काळजीचं बोलतो. डोक्यावर चढवायचा हेडसेट या मुलांना सरसकट लावू नका. यांतल्या काहींच्या मानेचे पहिले दोन मणके एकमेकांवर ढिले असतात. त्यावर अर्धा किलोचं ओझं आणि मान झटक्यात वळवायला लावणारा खेळ, हा धोका आपण पत्करायचा नाही. तिरळेपणा, चष्म्याचा नंबर या मुलांत नेहमीचे. जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. मान, डोळे आणि हृदय तपासल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही. आपल्या मुलांसाठी भिंतीवरचा पडदा आणि कॅमेराच बरा. त्यात मूल आपल्या हाताच्या अंतरावर असतं आणि त्याला आईचा चेहराही दिसतो.

त्या मुलीचं पुढे काय झालं? पडद्यावर चाळीसदा ओढा ओलांडणारी ती पोर घरी मात्र महिनाभर उंबरठ्यावर बसतच राहिली. मी चक्रावलो होतो. वाट तिच्या आईनं काढली. तिनं घराच्या दारात, उंबरठ्याच्या दोन्ही अंगांना, निळ्या रांगोळीनं पाणी काढलं. मुलीनं रांगोळीकडे पाहिलं, आईचं बोट धरलं आणि पाय उचलला. पुढे बोट सुटलं, मग रांगोळीही लागेना.

एका आईनं वाट काढली, हे आपल्याच जिल्ह्यात घडावं, याचं मला नवल वाटत नाही. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे याच जिल्ह्यात जामखेडला आले आणि शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांच्या हाती त्यांनी आरोग्याचं ज्ञान दिलं. त्या बायकांनी बाळंतपणं सांभाळली, कुपोषण कमी केलं. आज लोणीला आणि विळद घाटात फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत, यंत्रं येतील, विद्यार्थी शोधनिबंध लिहितील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत 2013 पासून डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे मूल सापडण्याची सोय झाली. सापडलेल्या मुलाच्या आईला दर आठवड्याला दोन एसट्या बदलाव्या लागत असतील, तर ती किती दिवस येईल?

म्हणून माझ्या फिजिओथेरपिस्ट सहकाऱ्यांना विनंती. व्हीआरचा प्रत्येक व्यायाम आईला शिकवूनच घरी पाठवा, तिच्या घरात जे आहे त्यावर बसवून. आणि केसपेपरवर खेळातले गुण लिहाल, त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहा: मूल घरचा उंबरठा ओलांडतं का, एसटीची पायरी चढतं का. पुढच्या अधिवेशनाला येताना ते कागद सोबत आणा. आपण ते एकत्र वाचू.