वेगळे ताट
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही, म्हणून लिहून आणले आहे तेच वाचते. विषय काविळीचा आहे. पण डोळे पिवळे करून महिना-दीड महिन्यात बरी होणाऱ्या काविळीचा नव्हे. वर्षानुवर्षे यकृतात दडून राहणाऱ्या 'ब' काविळीचा. ती आमच्या घरात निघाली, तेव्हा माझ्या हातून एक चूक झाली. तीही सांगणार आहे.

माझ्या धाकट्या दिरांनी गणेशोत्सवात रक्तदान केले. पुढे रक्तपेढीतून बोलावणे आले, की तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बीचे विषाणू आहेत. भाऊजी धडधाकट, जेवणखाण उत्तम. कोणाचा विश्वास बसेना. पण सासूबाईंनी त्याच संध्याकाळी त्यांचे ताट, वाटी, पेला वेगळा काढला. आणि मी काय केले? तो पेला ओळखू यावा म्हणून त्याच्या बुडाशी नखरंगाचा लाल ठिपका लावला. भाऊजी काही बोलले नाहीत. आपले ताट आपणच घासून पालथे घालू लागले.

अकरा दिवस असे गेले. मग डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सर्वांना रक्त तपासण्यासाठी बोलावले. मी धीर करून विचारले, "इतकी वर्षे हा विषाणू आत आहे, तर शरीर त्याला हाकलून का देत नाही?" त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले, ते माझ्या शब्दांत सांगते.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराच्या राखणदार. त्यांच्यातल्या टी-पेशी विषाणू शिरलेली यकृताची पेशी हुडकून मारतात. नवल असे, की हा विषाणू स्वतः यकृताची फारशी नासधूस करीत नाही. नुकसान होते ते मुख्यतः या मारामारीत. म्हणून शरीराने निरोपांची व्यवस्था केली आहे. काही निरोप 'धावा' असे असतात, काही 'पुरे, थांबा' असे. दूध उतू जाऊ लागले की आपण गॅस बारीक करतो, तसेच हे. 'थांबा' हा निरोप घेणारी एक कळ टी-पेशींच्या अंगावर असते. तिचे नाव पीडी-वन. जपानच्या तासुकु होंजो यांनी १९९२ साली ती उजेडात आणली. पुढे तिचा उपयोग कर्करोगाच्या उपचारात झाला आणि २०१८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यकृत मुळातच शांत स्वभावाचे. आतड्यातले रक्त आधी त्याच्याकडे येते आणि अन्नाबरोबर नाना परक्या गोष्टी आणते. प्रत्येकीशी भांडत बसले तर संसार कसा चालायचा? या शांतपणाचाच विषाणू फायदा घेतो. झगडा वर्षानुवर्षे चालला की टी-पेशींवर पीडी-वन वाढत जाते, 'थांबा, थांबा' असा निरोप सारखा मिळत राहतो आणि त्या दमून जातात. शत्रू समोर असतो, पण हात उचलत नाही. मधूनच केव्हातरी पुन्हा चकमक होते आणि यकृतावर वण पडतात. असे वण साठले की यकृत कठीण होते. काहींना कर्करोगही होतो. आणि हे होत असताना माणसाला बरेचदा काहीच जाणवत नाही.

मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरांत ९५ हून अधिक जण विषाणूला हाकलून देतात. पण बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाला लागण झाली, तर शंभरांतल्या ९० बाळांत तो ठाण मांडून बसतो. त्या कोवळ्या राखणदारांना त्याच्याशी लढणे जमत नाही.

आमचे अहवाल आले. माझ्यात विषाणू नव्हता, यांच्यात नव्हता, जाऊबाईंत नव्हता. सासूबाईंच्या रक्तात होता.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मीच दिला का हो त्याला?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तुम्हाला तरी कुठे ठाऊक होते? त्या काळी सरकारी लसीकरणात ही लस नव्हती."

घरी आल्यावर सासूबाईंनी मुकाट्याने स्वतःचे ताट वेगळे काढले. भाऊजींनी ते उचलून आमच्या पंगतीत आणून मांडले. मी मोरीत जाऊन पेल्याचा ठिपका घासून काढला. तो निघायला वेळ लागला.

भगिनींनो, हा रोग एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून प्यायल्याने होत नाही. तो रक्तातून, दूषित सुईतून, पतिपत्नीच्या संबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. वेगळे ठेवायचे ते दाढीचे पाते, दात घासायचा ब्रश आणि नखे कापायचे साधन. माणूस वेगळा ठेवायचा नाही.

औषधाच्या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात. त्याला मुळासकट उपटणे बहुधा जमत नाही. म्हणून बरे वाटते म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत. त्या बंद होताच विषाणू उसळतो आणि यकृतात पुन्हा चकमक पेटू शकते. सर्वांनाच गोळ्या लागतात असेही नाही. आमच्या भाऊजींना लागल्या, सासूबाईंना दर सहा महिन्यांनी तपासणी पुरते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे. घरात कोणी गरोदर असेल तर तिची ही तपासणी करून घ्या. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत या लसीचा पहिला डोस द्या. २०११ पासून ती देशभर सरकारी लसीकरणात आहे. आईच्या रक्तात विषाणू असेल तर बाळाला दुसरेही एक इंजेक्शन लागते, ते डॉक्टरांना विचारा. लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या आवरणाचा नुसता तुकडा असतो. तेवढ्यावरून बाळाचे राखणदार त्याला ओळखायला शिकतात.

जाऊबाईंना लस टोचून घेतली होती. गेल्या आषाढात त्यांना मुलगी झाली. तिला पहिल्याच दिवशी लस मिळाली. दुपट्यात गुंडाळून ती प्रथम कोणाच्या मांडीवर दिली असेल? सासूबाईंच्याच.