उपजत दात : अपशकुन नव्हे, उपचाराचा विषय



बाळाचा पहिला दात साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो. परंतु क्वचित एखादे बालक दात घेऊनच जन्मास येते. अशा दातास 'उपजत दात' आणि जन्मानंतर ३० दिवसांत उगवणाऱ्यास 'नवजात दात' म्हणता येईल. हा भेद मॅसलर व सावरा यांनी १९५० साली मांडला. सुमारे दोन-तीन हजार बालकांत एखाद्यास असे दात आढळतात. बहुधा खालच्या हिरडीच्या मध्यभागी.

दात दिसताच घरात कुजबुज सुरू होते. कोणी मामावर संकट सांगते, कोणी मातेस बोल लावते. वस्तुतः दाताचा अंकुर हिरडीत नेहमीपेक्षा वर राहिल्याने हे घडते. काही घराण्यांत ते आनुवंशिकही असते. फ्रान्सचा चौदावा लुई १६३८ साली दातांसह जन्मला असे सांगतात. त्याने पुढे ७२ वर्षे राज्य केले!

खरा धोका निराळाच आहे. दूध ओढताना बाळाची जीभ खालच्या हिरडीवर पुढे-मागे सरकते. दाताच्या धारेने जिभेच्या खालच्या बाजूस जखम होते. इटलीतील वैद्य रिगा यांनी १८८१ साली तिचे वर्णन केले. पुढे फेडे यांनी तिचा अभ्यास केला. म्हणून तिला 'रिगा-फेडे' व्याधी हे नाव पडले. वेदनेमुळे बाळ दूध सोडते, वजन वाढत नाही, शरीरातील पाणी कमी होते. मातेच्या स्तनासही इजा होऊ शकते.

दात घट्ट असल्यास तो काढण्याची घाई नको. दहापैकी नऊ वेळा तो जादा दात नसून खरा दुधाचाच दात असतो. काढल्यास कायमचा दात येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, ती जागा रिकामी राहते. दंतवैद्य धार गुळगुळीत करतात किंवा तीवर कॉम्पोझिटचा लेप देतात. दात फार हलत असेल तर तो निखळून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. तेव्हा तो काढणेच हिताचे. मात्र पहिल्या दहा दिवसांत रक्त गोठण्याची शक्ती अपुरी असू शकते. म्हणून व्हिटॅमिन 'के'चे इंजेक्शन दिले आहे याची खात्री आधी करून घेतात.

घरी दोरा बांधून दात उपटू नये, जखमेवर टाकणखार लावू नये. हिरडीवरचा प्रत्येक पांढरा ठिपका दात नसतो, हेही ध्यानी असावे. मोत्यासारख्या बारीक गाठी आपोआप नाहीशा होतात.

घरातील वडीलधाऱ्यांनी शकुन न पाहता बाळ दूध नीट पिते की नाही, हे पाहावे आणि बाळास वेळीच वैद्याकडे न्यावे. बाळंतिणीला त्या समयी दोषाची नव्हे, आधाराची गरज असते.